चालणारे यंत्र आणि स्वतंत्र जगणे

एका अभियंत्याने पाय लुळे पडलेल्या माणसांना उभे करून चालवणारे यंत्र बनवले. यंत्राला मान्यता मिळाली, ते देशोदेशी गेले. पण ज्याने ते बनवले त्याला मात्र ते घालून एक पाऊलही टाकता आले नाही.

ही हकिकत इस्रायलमधील विद्युत अभियंते अमित गॉफर यांची आहे. १९९७ साली एका छोट्या चारचाकी वाहनाच्या अपघातात त्यांच्या मानेतील मेरुरज्जूला इजा झाली. पाय पूर्ण गेले, हातांचीही शक्ती बरीचशी गेली. २००१ साली त्यांनी कंपनी काढली आणि 'रीवॉक' नावाचे यंत्र विकसित केले. जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते घरी वापरायला परवानगी दिली. कमरेखाली लुळे झालेल्यांसाठी असे मोटरवर चालणारे यंत्र तेथे प्रथमच मान्य होत होते.

वर्गात ही हकिकत सांगितली जाते तेव्हा तिची जिद्दीची गोष्ट होते. आम्हीही ती तशीच सांगितली आहे. मुले टाळ्या वाजवतात, परिपाठ संपतो. गॉफर यांची जिद्द खरीच आहे. पण यंत्र चालते ते बलांच्या, वजनाच्या आणि तोलाच्या हिशेबाने, आणि त्या हिशेबाकडे आपण पाहतच नाही. नवे पुस्तक आले की त्याचे परीक्षण लिहिले जाते. लेखकाला काय साधायचे होते, ते साधले का, काय राहून गेले, हे त्यात तपासतात. यंत्राचे असे परीक्षण क्वचित वाचायला मिळते. अपंग व्यक्तींसाठी केलेल्या यंत्राचे तर नाहीच, कारण तिथे उणे काढणे निर्दयपणाचे वाटते. आमचे मत उलट आहे. ज्या यंत्रावर कुणाचे रोजचे जगणे टांगलेले आहे, त्याचेच परीक्षण सर्वांत कठोर हवे. तसा एक प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

शब्दाविषयी एक खुलासा. सरकारी कागदपत्रांत आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ आहे. आम्ही 'अपंग' हा जुना शब्दच ठेवला आहे. ज्या लोकांविषयी येथे लिहिले आहे त्यांनी आपल्यात काही दिव्य असल्याचा दावा केलेला नाही. त्यांचे मागणे साधे आहे.

यंत्राची रचना

झुरळाचा किंवा खेकड्याचा सांगाडा शरीराच्या बाहेर असतो, हे आपण सातवी-आठवीत शिकवतो. रीवॉक हा तसाच बाहेरून चढवायचा सांगाडा आहे. वजन सुमारे २३ किलो. दोन्ही पायांच्या बाहेरच्या बाजूंनी पट्ट्यांनी बांधलेल्या धातूच्या दांड्या. खुब्याच्या आणि गुडघ्याच्या सांध्यापाशी मोटरी. त्यांना वीज पुरवणारी बॅटरी. आणि मनगटावर घड्याळासारखा नियंत्रक. उभे राहणे, बसणे की चालणे, हे या नियंत्रकावर निवडायचे.

यातील खरी कल्पकता आहे ती पाऊल कधी टाकायचे हे यंत्राला कळवण्याच्या पद्धतीत. आपण चालायला लागतो तेव्हा काय करतो? धड किंचित पुढे झुकते, गुरुत्वमध्य पावलांच्या पुढे सरकतो आणि पडू नये म्हणून आपण पाय पुढे टाकतो. चालणे म्हणजे पडणे आणि सावरणे यांची मालिकाच होय. गॉफर यांनी हेच वापरले. वापरणारा धडाने पुढे झुकला की कल मोजणाऱ्या संवेदकाला ते कळते आणि मोटरी एक पाऊल पुढे टाकतात. पुन्हा झुकले की दुसरे पाऊल. मेंदूकडून पायाकडे जाणारा मार्ग तुटलेला असताना, शाबूत असलेल्या धडाचीच खूण म्हणून योजना केली. हे काम उत्तम आहे, यात शंका नाही.

उभे राहण्याचे मोलही कमी लेखू नये. वर्षानुवर्षे बसून असणाऱ्याला समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलता येणे ही मोठी गोष्ट आहे. स्नायू आखडणे, वेदना, पोट साफ न होणे यांसारख्या तक्रारी कमी झाल्याचे काही छोट्या अभ्यासांत वापरणाऱ्यांनी सांगितले आहे. रीवॉकच्या जमेच्या बाजूला हे सारे लिहिलेच पाहिजे.

तोल कोणी सांभाळायचा?

आता खर्चाची बाजू. येथे एक साधा प्रयोग वर्गात करून पाहावा. मुलांना डोळे मिटून एका पायावर उभे राहायला सांगा. घोटा सतत इकडेतिकडे हलताना दिसेल. आपला गुरुत्वमध्य पावलाच्या चिमूटभर क्षेत्रफळावर राहावा म्हणून डोळे, आतला कान, तळव्यांची संवेदना आणि घोट्याचे स्नायू अखंड काम करीत असतात. दोन कुबड्या दिल्या की तोच मुलगा स्थिर होतो, कारण आधाराचे क्षेत्र एकदम मोठे होते.

रीवॉकच्या मोटरी पाय मागेपुढे हलवतात. पण तोल सांभाळीत नाहीत. मेरुरज्जू तुटल्यामुळे तळव्याची संवेदना मेंदूपर्यंत येत नाही, आणि यंत्राकडे तिची पुरेशी भरपाई नाही. म्हणून वापरणाऱ्याला दोन कुबड्या घ्याव्या लागतात. तोलाचा सगळा भार खांद्यांवर, दंडांवर आणि पंजांवर येतो. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर यंत्राने चालण्याचे अर्धे काम केले आणि उरलेले अर्धे, म्हणजे तोलाचे काम, माणसाच्या हातांवर सोपवले.

गॉफर यांच्या हातांत ते बळ नव्हते. यात दैवाची थट्टा शोधण्याची गरज नाही. हा रचनेचा सरळ परिणाम आहे.

२०१४ च्या परवानगीतील अटी वाचल्या की हाच परिणाम दुसऱ्या बाजूने दिसतो. घरी वापरण्यासाठी इजा पाठीच्या सातव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याखाली हवी. हात आणि खांदे कुबड्या पेलणारे हवेत. हाडे मजबूत हवीत; पण लुळ्या पायांची हाडे तर वापराअभावी विरळ होत जातात. वजन १०० किलोपर्यंत आणि उंची १६० ते १९० सेंटिमीटर. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. म्हणजे आपल्याकडील बहुसंख्य स्त्रिया त्या यंत्राच्या मापातच बसत नव्हत्या. मोजमापाच्या एका आकड्याने कोण आत आणि कोण बाहेर हे ठरते, आणि तो आकडा यंत्राच्या छायाचित्रात दिसत नाही.

यंत्रानेच तोल सांभाळावा असा प्रयत्न कोणी केला नाही का? केला. न्यूझीलंडमध्ये रिचर्ड लिटल आणि रॉबर्ट आयर्विंग या दोघा मित्रांनी 'रेक्स' नावाचा सांगाडा बनवला व २०१० साली लोकांपुढे आणला. आयर्विंग यांना स्वतःला मज्जातंतूंचा 'मल्टिपल स्क्लेरॉसिस' हा विकार जडला होता, तेव्हा हाही एका अर्थी अपंग उद्योजकाचाच प्रयत्न. रेक्सला कुबड्या लागत नाहीत; एका छोट्या दांडीने तो चालवता येतो. पण त्यासाठी पावले रुंद व जड करावी लागली, वजन सुमारे ३८ किलो झाले आणि चाल अतिशय मंद झाली. तोल यंत्राकडे द्यावा तर वेग जातो, वेग ठेवावा तर तोल माणसाकडे येतो. दोन्ही यंत्रे मिळून हा पेच नेमका दाखवतात.

किती वेळ, कोणाची सोबत, कोणाची दुरुस्ती

असे सांगाडे घालून माणसे किती वेगाने चालतात? मेरुरज्जूच्या इजेनंतर अशा यंत्रांनी चालणाऱ्यांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी वेग सेकंदाला सुमारे ०.२६ मीटर निघाला. निरोगी प्रौढ माणूस सेकंदाला सुमारे १.३ मीटर चालतो. १० मीटर रुंद रस्ता ओलांडायला एकाला ८ सेकंद लागतील, दुसऱ्याला ३८. आपल्या शहरांतला हिरवा दिवा ३८ सेकंद कोणासाठी थांबतो? हाच रस्ता चाकाच्या खुर्चीत बसलेला माणूस, पदपथाला उतार असेल तर, चालणाऱ्याच्या बरोबरीने किंवा त्याच्याही आधी ओलांडतो. पुढची यंत्रे वेगवान होतीलही. पण तुलना चाकाशी करायची हे ध्यानात ठेवले पाहिजे. बाहेरून पाहणारा नकळत 'चालणे' आणि 'न चालणे' यांची तुलना करतो. वापरणाऱ्यापुढे मात्र निवड असते ती सांगाडा आणि चाक यांच्यात.

दुसरी गोष्ट सोबतीची. घरी आणि बाहेर रीवॉक वापरताना त्याचे खास प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती बरोबर असलीच पाहिजे, अशी २०१४ ची अट होती. पडण्याचा धोका पाहता ती अट योग्यच आहे. पण मग हिशेब काय झाला? खुर्चीत बसून जो माणूस एकटा दुकानात जाऊ शकत होता, तो चालायला लागल्यावर एकटा जाऊ शकत नाही. स्वतंत्र जगण्यासाठी आणलेल्या यंत्राने सोबत बंधनकारक केली.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची, आणि ती सर्वांत बोचरी आहे. २०२४ साली अमेरिकेत एक बातमी गाजली. घोड्यावरून पडून लुळा झालेला एक माजी जॉकी सुमारे दहा वर्षे असा सांगाडा वापरून चालत होता. मनगटावरच्या नियंत्रकाच्या बॅटरीशी संबंधित एक किरकोळ बिघाड झाला आणि यंत्र पाच वर्षांहून जुने आहे म्हणून दुरुस्ती नाकारण्यात आली. बोभाटा झाल्यावर दुरुस्ती झाली. पण ज्याची बातमी होत नाही त्याचे काय? पायाला पर्याय म्हणून घेतलेली वस्तू पाच वर्षांत 'जुनी' कशी होते, हा प्रश्न तांत्रिक आहे तितकाच नैतिकही आहे.

याउलट एक जुने उदाहरण आहे. अमेरिकेचे राल्फ हॉचकिस १९६६ साली मोटारसायकलच्या अपघातात कमरेखाली लुळे झाले. ते अभियंते, चाकाच्या खुर्च्या बनवण्यातच त्यांनी आयुष्य घातले. १९८० पासून त्यांनी निकाराग्वा आणि इतर गरीब देशांतील अपंग कारागिरांबरोबर काम केले. खुर्ची अशी हवी की जवळच्या सायकलच्या दुकानात ती दुरुस्त व्हावी, तिचे भाग स्थानिक बाजारात मिळावेत, हे त्यांचे सूत्र. त्या खुर्चीत ना मोटर होती ना संवेदक. पण दुरुस्तीचा प्रश्न त्यांनी रचनेच्या पहिल्या दिवशी विचारला.

स्वावलंबन आणि स्वातंत्र्य

येथवरच्या टीकेवर एक आक्षेप येईल. यंत्र नवे आहे, सुधारेल. वेग वाढेल, किंमत उतरेल. हे मान्य. पण एक प्रश्न सुधारणेने सुटणारा नाही. चालता येणे म्हणजेच स्वतंत्र होणे का?

या प्रश्नाचे उत्तर एड रॉबर्ट्स यांनी साठ वर्षांपूर्वीच शोधायला घेतले होते. १९५३ साली, वयाच्या १४ व्या वर्षी, त्यांना पोलिओ झाला. मानेखाली जवळजवळ काहीच हलत नव्हते. झोपण्यासाठी श्वास चालवणारी लोखंडी पेटी लागे. १९६२ साली ते कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठात दाखल झाले आणि तेथील रुग्णालयाच्या इमारतीत राहून शिकले. १९७२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कलेत 'स्वतंत्र जीवन केंद्र' सुरू केले. अपंगांनी अपंगांसाठी चालवलेल्या या केंद्रातून जगभर एक चळवळ उभी राहिली. रॉबर्ट्स १९९५ साली वारले.

त्या चळवळीचे म्हणणे थोडक्यात असे. सगळी कामे स्वतःच्या हातांनी करता येण्याशी स्वातंत्र्याचा संबंध नाही; आपल्या दिवसाचे निर्णय आपल्या हाती असण्याशी आहे. चळवळीत नेहमी दिले जाणारे एक उदाहरण फार बोलके आहे. एक माणूस दोन तास झगडून स्वतःचे कपडे स्वतः घालतो आणि थकून घरीच राहतो. दुसरा मदतनिसाकडून पाव तासात कपडे घालून घेतो आणि कामावर जातो. यांत स्वतंत्र कोण?

मराठीत आपल्याकडे यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. पहिला माणूस स्वावलंबी आहे, दुसरा स्वतंत्र आहे. आपल्या शाळांच्या भिंतींवर 'स्वावलंबन' हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो, आणि तो थोर शब्द आहे. पण अपंग विद्यार्थ्याला तोच एक मापदंड लावला तर आपण त्याला नकळत दोन तासांच्या कपड्यांकडे ढकलतो. आमच्या मते अपंगांसाठीच्या यंत्राचे परीक्षण 'स्वातंत्र्य' या मापाने व्हावे. यंत्राने माणसाच्या दिवसातले किती निर्णय त्याच्या हाती दिले?

नाक खाजवण्याचे यंत्र

या मापाने दोन वेगळी यंत्रे पाहू. दोन्ही मानवी शरीरासारखी चालत नाहीत.

हेन्री इव्हान्स हे कॅलिफोर्नियातील एका उद्योगात अर्थविभागाचे प्रमुख होते. २००२ साली, वयाच्या ४० व्या वर्षी, मेंदूच्या देठाला झालेल्या आघाताने ते मुके झाले आणि त्यांचे हातपाय गेले. डोक्याची आणि एका बोटाची थोडीशी हालचाल उरली. २०१० साली दूरदर्शनवर त्यांनी 'पीआर-२' हा दोन हातांचा, चाकांवर फिरणारा यंत्रमानव पाहिला आणि तो बनवणाऱ्यांना आणि संशोधक चार्ली केंप यांना स्वतः होऊन कळवले, की हे यंत्र मला काय काय करून देऊ शकेल ते आपण मिळून शोधू. त्यातून 'मानवतेसाठी यंत्रमानव' असा प्रकल्प उभा राहिला. डोक्याच्या हालचालीने संगणकाच्या पडद्यावर खूण करून इव्हान्स यांनी त्या यंत्राच्या हाताने स्वतःचा चेहरा खाजवला, स्वतःची दाढी केली. सुमारे दहा वर्षांत प्रथमच.

नाक खाजवणे ही गोष्ट कोणत्याही अभियंत्याने आपण होऊन यादीत घातली नसती. नाकावर माशी बसली असताना हात हलत नाही हा अनुभव ज्याचा आहे, त्यालाच तिचे मोल कळते. प्रत्येक वेळी बायकोला हाक मारायची, आणि बोलता येत नसेल तर तीही मारता येत नाही. येथे अपंग माणूस यंत्राचा लाभार्थी राहिला नाही, तो समस्या ठरवणारा झाला. या सगळ्या हकिकतीतील सर्वांत महत्त्वाचा शोध आम्हाला हाच वाटतो.

अर्थात पीआर-२ ची किंमत चार लाख डॉलर होती आणि आकार एखाद्या कपाटाएवढा. घरात वावरण्याजोगे ते यंत्र नव्हते. पुढे केंप आणि ॲरन एडसिंगर यांनी २०१७ साली कंपनी काढून 'स्ट्रेच' हे यंत्र केले. २०२० साली ते बाजारात आले. चाकांवरचा एक खांब, त्यावर खालीवर सरकणारा व लांब-आखूड होणारा एकच बारीक हात. वजन सुमारे २३ किलो, म्हणजे रीवॉकएवढेच. सुरुवातीची किंमत सुमारे १८ हजार डॉलर. माणसासारखे दिसण्याचा हट्ट सोडल्याने यंत्र हलके आणि स्वस्त झाले, हा धडा विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा. २०२३ साली इव्हान्स यांच्या घरी आठवडाभर ते चालवून पाहिले. ते स्वतः घास घेऊ शकले, नातीबरोबर पत्ते खेळले. त्यांच्या पत्नीला तेवढा वेळ मोकळा मिळाला. मोकळा वेळ हेही स्वातंत्र्यच आहे, आणि ते येथे दोघांना मिळाले.

दुसरे उदाहरण जपानचे. केंतारो योशिफुजी यांना लहानपणी आजारपणामुळे काही वर्षे शाळेत जाता आले नाही. त्या काळातल्या एकटेपणाची आठवण त्यांनी विसरू दिली नाही. त्यांनी 'ओरिहिमे' हा छोटा यंत्रमानव बनवला आणि २०१२ साली कंपनी काढली. अंथरुणाला खिळलेला माणूस घरूनच त्याच्यामार्फत पाहतो, ऐकतो, बोलतो. या कामात त्यांचे सहकारी होते युता बांदा. बांदा यांना वयाच्या चौथ्या वर्षी अपघात झाला आणि मानेखालचे शरीर गेले. योशिफुजींच्या कंपनीत ते ओरिहिमेमार्फत नोकरी करीत. वस्तू उचलून नेऊ शकेल असा सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचा यंत्रमानव हवा, ही कल्पना या दोघांच्या बोलण्यातून आकाराला आली. बांदा २०१७ साली वारले. २०१८ साली टोकियोत असे यंत्रमानव ट्रे घेऊन फिरणारे उपाहारगृह काही दिवस चालवून पाहिले आणि २०२१ साली ते कायमचे सुरू झाले. घरात पडून असलेली माणसे, काही तर केवळ डोळ्यांच्या हालचालीने, तेथे ग्राहकांशी बोलतात, चहा-कॉफी देतात आणि त्याचे वेतन घेतात.

या यंत्राने कोणालाही उभे केले नाही. पण दिवसभराच्या कामानंतर हाती आलेल्या मजुरीने माणूस किती निर्णय घेऊ शकतो, याचा विचार करावा.

नक्कल केव्हा योग्य?

मग शरीराची नक्कल करणारी यंत्रे चुकीचीच का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ह्यू हर हे तरुण गिर्यारोहक १९८२ च्या जानेवारीत अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टन पर्वतावर हिमवादळात अडकले. हिमदंशामुळे त्यांचे दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. पुढे ते मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले आणि २००७ च्या सुमारास त्यांनी मोटरचा घोटा बनवणारी कंपनी काढली. आपण पाऊल उचलतो तेव्हा पोटरीचे स्नायू शरीराला मागून रेटा देतात. साधे कृत्रिम पाऊल हा रेटा देत नाही, म्हणून चालताना दम लागतो. हर यांचा घोटा स्प्रिंग आणि मोटर यांच्या मदतीने तो देतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा घोटा लावलेल्या सात जणांची चालताना खर्च होणारी ऊर्जा धडधाकट माणसांच्या बरोबरीला आली. सात ही संख्या लहान आहे. पण येथे नक्कल सार्थ आहे, कारण नेमका एक हरवलेला रेटा परत द्यायचा होता आणि तोल सांभाळायला बाकीचे शरीर शाबूत होते.

गंमत अशी, की स्वतःच्या गिर्यारोहणासाठी मात्र याच माणसाने नक्कल केली नाही. खडकाच्या फटीत घुसतील अशी अरुंद पावले, बर्फासाठी खिळ्यांची पावले, हवी तेवढी लांब-आखूड होणारी तंगडी असे पाय त्याने केले. काय करायचे आहे त्याप्रमाणे पाय बदलले. बनवणारा आणि वापरणारा एकच असला की आज चढून पाहावे आणि उद्या कानस घेऊन बसावे, इतके ते जवळचे होते.

पैसा कोणता प्रश्न निवडतो?

एवढ्यावरून अपंग व्यक्तीने यंत्र केले की योग्य प्रश्न आपोआप निवडला जातो, असा निष्कर्ष काढला तर तोही भाबडेपणा ठरेल. उद्योजकाला भांडवल लागते. रीवॉकच्या कंपनीचे भाग २०१४ साली अमेरिकेच्या शेअर बाजारात विक्रीला आले. 'लुळा माणूस चालू लागला' हे चित्र गुंतवणूकदाराला क्षणात कळते. 'लुळ्या माणसाने नाक खाजवले' हे चित्र कळायला वेळ लागतो. २०२४ पासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्य विम्यातून अशा सांगाड्यासाठी सुमारे ९१ हजार डॉलर दिले जाऊ लागले. तो पायाला लावायचा आधार या सदरात बसला म्हणून. ज्यांना त्याचा लाभ झाला त्यांच्या दृष्टीने हा मोठा विजय आहे. पण कोणते यंत्र कोणत्या सदरात बसते यावर कोणता प्रश्न सुटणार हे ठरू लागले, की यंत्राचा कर्ता कोण आहे याला फारसा अर्थ उरत नाही.

निकाल

आता परीक्षकाने निकाल दिला पाहिजे. रीवॉक हे यंत्रशास्त्राचे उत्तम काम आहे. ज्यांचे हात मजबूत आहेत, ज्यांना उभे राहण्याची ओढ आहे आणि ज्यांच्याजवळ सोबत व साधने आहेत, त्यांना त्याने मोलाचे काही दिले. स्वतंत्र जगण्याचे यंत्र म्हणून ते अपुरे आहे.

हा निकाल आमच्या आधी एका माणसाने दिला आहे. रीवॉकनंतर गॉफर यांनी दुसरी कंपनी काढून 'अपअँडराइड' हे यंत्र केले. ते माणसाला पट्ट्यांनी धरून उभे करते. पण त्याला पाय नाहीत, चाके आहेत. जमीन उतरती असली तरी ते धड सरळ ठेवते, म्हणजे गुरुत्वमध्य आधाराबाहेर जाऊ देत नाही. तोलाचे काम यंत्राने घेतले, आणि त्याची किंमत म्हणून पाऊल टाकण्याचा हट्ट सोडला. २०१५ साली, अपघातानंतर सुमारे अठरा वर्षांनी, त्या यंत्रातून गॉफर स्वतः उभे राहिले. रीवॉकवरची इतकी नेमकी टीका दुसऱ्या कोणी लिहिलेली नाही. ती शब्दांत नाही, चाकांत आहे.

शिक्षकांना आमची एक सूचना आहे. पुढच्या वेळी अशा यंत्राचे चित्र वर्गात दाखवाल तेव्हा टाळ्यांच्या आधी मुलांना पाच प्रश्न द्यावेत. हे यंत्र कोणी मागितले? कोण त्याच्या मापात बसत नाही? वापरताना सोबत कोण लागते? काम व्हायला किती वेळ लागतो? आणि बिघडले तर दुरुस्त कोण करील? मग हेच पाच प्रश्न आपल्या शाळेच्या जिन्याला, स्वच्छतागृहाच्या दाराला आणि प्रयोगशाळेच्या उंच ओट्याला लावायला सांगावेत. वर्गात एखादा विद्यार्थी खुर्चीत किंवा कुबड्यांवर असेल तर प्रश्नांची यादी त्याच्याकडे द्यावी. त्याच्या यादीत बहुधा सहावा प्रश्न असेल, जो आम्हाला सुचलेला नाही.